कॅमेरा नंबर दोनचा हार

मी कॅमेरा चालवत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नात्यातल्या प्रत्येक लग्नात कोणीतरी येऊन म्हणतं, लताताई, तुम्ही टीव्हीत आहात ना, मग आमचे दोन फोटो काढा की. मी काढलेल्या फोटोत माणसांची डोकी हमखास कापली जातात. कॅमेरा ज्याच्यावर बसतो, ते मी बसवते. आणि बसवलेलं ते कोणाच्या अंगावर जाणार नाही, एवढं बघते. नाशिकमधले नि आसपासचे बरेच स्टुडिओ माझ्या हातचे आहेत. यात बढाई असेल तर असू दे, निवृत्तीनंतर बाईला तेवढी मुभा असावी.

बातम्या वाचणारी मुलगी तुमच्याकडे बघून बोलते, तेव्हा हल्ली तिच्यासमोर बहुतेक वेळा माणूस नसतो. मोटरवर चालणारा एक स्टँड असतो. खाली चाकांचं बूड, मध्ये खालीवर होणारा खांब आणि त्यावर चारी दिशांना फिरणारी मान. मानेवर कॅमेरा, कॅमेऱ्यापुढे बातमीची अक्षरं दाखवणारी काच. सगळं मिळून वजन दोन धडधाकट माणसांएवढं भरतं. काचेपलीकडच्या खोलीत एक जण पॅनेलवर बसतो, बटण दाबतो, आणि हा स्टँड आधी ठरवून दिलेल्या जागी आपला आपण जाऊन उभा राहतो. जाताना आवाज करत नाही, कारण आवाज केला तर तो माइकमध्ये जाईल. हा त्याचा मोठा गुण, आणि माझी सगळी काळजीही तिथेच. रिक्षा मागून आली तर निदान हॉर्न देते.

मी मूळची मालेगावची. वडील यंत्रमागांचे फिटर होते. त्यांचं म्हणणं असं की मशीन एक तर बसतं किंवा बसत नाही, बऱ्यापैकी बसलं असं काही नसतं. माग बसवायच्या आधी ते जमिनीवर बेअरिंगचा छर्रा सोडायचे आणि तो कुठे पळतो ते उकिडवे बसून बघायचे. मी डिप्लोमा केला, महागडी लेव्हल वापरायला शिकले, पण छर्रा अजून माझ्या पर्समध्ये असतो. स्टुडिओच्या जमिनीत नाण्याच्या जाडीएवढा उंचवटा राहिला तरी पडद्यावर निवेदिका गचका खाते, आणि उतार राहिला तर जड स्टँड आपल्या मनाने सरकतो. एका ठेकेदाराला मी अख्खी जमीन उखडून पुन्हा करायला लावली होती. बाईमाणूस गोट्या खेळते आणि आमचं काम नापास करते, असं तो गावभर सांगत फिरला. दुसऱ्यांदा केलेल्या जमिनीवर छर्रा जिथे ठेवला तिथेच थांबला, तेव्हा मात्र त्याने स्वतः वाकून दोनदा बघितलं.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एका कॉलेजच्या प्राचार्यांनी मोठ्या हौसेने स्टुडिओ उभारला होता. त्यांच्या स्टँडच्या खांबात कॅमेऱ्याचं वजन तोलून धरणारी जबरदस्त स्प्रिंग होती. अशा खांबावरून कॅमेरा उतरवायचा तर आधी खिट्टी घालून खांब जागेवर अडकवायचा असतो. नाहीतर वजन गेलं की स्प्रिंग मोकळी होते आणि खांब सटकन वर येतो. हे मी सरांना तीन वेळा सांगितलं, तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली. उद्घाटनाला फेटा बांधून आले आणि पाहुण्यांना कॅमेरा किती हलका आहे ते दाखवायला स्वतःच उचलून मोकळे झाले. खांब त्यांच्या नाकासमोरून वर गेला आणि फेट्याचा तुरा घेऊन छताच्या दिव्यावर आदळला. नाक चार बोटांनी वाचलं. सर कसलेले वक्ते, त्यांनी लगेच विज्ञानाच्या गरुडझेपेवर दहा मिनिटं भाषण केलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक खिट्टीला लाल पट्टी बांधायला लागले, आणि माझ्या हातच्या स्टुडिओत कोणाला साधं खरचटलंही नाही, हे वाक्य जिथे तिथे ऐकवायलाही लागले.

आता ज्या कामाबद्दल लिहायला बसले आहे ते सांगते. माझं शेवटून दुसरं काम.

बाविस्करशेठ देवळ्याचे कांद्याचे व्यापारी. नाशिकमध्ये त्यांनी बातम्यांचं चॅनेल काढलं होतं आणि ते बरं चाललं होतं. माणूस दिलदार, पण डोक्यात एकदा एक गोष्ट बसली की ती काढायला पहार लागायची. मुंबईत कुठेतरी त्यांनी माणसाविना चालणारे कॅमेरे बघितले आणि तसे तीन मागवले. त्यांच्याकडे तीन कॅमेरामन होते. दोघे आधीच दुसरीकडे गेले, उरले दौलतराव. बावीस वर्षं खांद्यावर नि हातात कॅमेरा घेतलेला माणूस. पन्नाशी उलटलेली, मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चालू, आणि या वयात दुसरीकडे कोणी उभं करणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. शेठनी त्यांना दसऱ्यापर्यंत या असं सांगून ठेवलं होतं.

मी महिनाभर तिथे राबत होते. दौलतराव रोज एका कोपऱ्यात उभे राहून माझं काम बघायचे. कधी केबल धरायचे, कधी न सांगता नट आवळून द्यायचे. एक दिवस माझा पाना परत करताना म्हणाले, "ताई, तुमचं काम चोख आहे. एवढं चोख नसतं तर बरं झालं असतं."

माझ्या कामामुळे माणसं घरी जातात हे मला कळत नव्हतं असं नाही, पण ते ज्याचं काम गेलं त्याच्या तोंडून, इतक्या सरळ, कधी ऐकलं नव्हतं.

शेठशी माझा वाद मात्र त्यांच्यासाठी नव्हता, कामासाठी होता. कॅमेऱ्याचे डोळे पुढे असतात आणि चाकं मागेही जातात. पॅनेलवरच्या माणसाला पडद्यावर निवेदिका दिसते. स्टँड मागे सरकताना पाठीमागे कोण आहे, ते त्याला दिसत नाही. म्हणून माझा नियम असा की जमिनीवर एक माणूस हवा, कानाला हेडफोन लावून आणि हात लाल बटणावर ठेवून. हे बटण दाबलं की तिन्ही स्टँडच्या मोटरी जागच्या जागी बंद. पॅनेलवरून रेश्मा विचारणार, दोन मागे? जमिनीवरून उत्तर येणार, मोकळं. मगच पॅनेलचं बटण. रेश्मा सुरगाण्याकडची, हुशार मुलगी, तिला हे एका दिवसात अंगवळणी पडलं.

शेठ त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "ताई, मशीन लिधं ते माणूस कमी करासाठे. आते मशीनले सांभाळाले परत माणूस?"

शिवाय त्यांनी माहितीपत्रक वाचलं होतं. स्टँडच्या बुडाभोवती रबराची पट्टी असते, ती कशालाही टेकली की स्टँड थांबतो. मग माणूस कशाला, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, पट्टी आहे, पण ती शेवटचा उपाय, पहिला नाही. माणूस नसेल तर मी ताबा देण्याच्या कागदावर सही करणार नाही. बरीच घासाघीस झाली. दसऱ्याला स्टुडिओ सुरू होतोय, त्या दिवसापर्यंत दौलतराव जमिनीवर उभे राहतील, पुढचं पुढे बघू, असं ठरलं. पुढचं म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दसऱ्याच्या सकाळी स्टुडिओत पूजा झाली. शेठनी पूजेचा मान मला दिला. आजवर उद्घाटनांना मी मागे, केबलच्या ढिगाजवळ उभी राहिलेली. त्या दिवशी हळदकुंकू मी लावलं, नारळ मी वाढवला, आपट्याची पानं मी ठेवली. लाल बटणालाही कोणीतरी कुंकू लावलं होतं. शेठनी तिन्ही स्टँडना झेंडूचे हार घातले. एक आणि तीनच्या हारांची लांबी मानेपुरती होती. दोनचा हार मोठा निघाला, तो त्यांनी बुडाभोवती गुंडाळला आणि पक्की गाठ मारली. खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला होता. वडील हवे होते, असं सारखं वाटत होतं.

जमिनीवर नारळाचं पाणी सांडलं होतं. साफसफाईला हिराबाई होत्या. मी त्यांना सांगितलं की एक थेंब राहता कामा नये, ओल्यावर चाकं घसरतात. त्या म्हणाल्या, "नाय राहू देत ताई, लय बारकाईनं पुसते." आणि पुसायला बसल्या.

दुपारच्या बातमीपत्राला अर्धा तास राहिला तेव्हा रेश्माने तिन्ही कॅमेरे फिरवून बघितले. एक आणि तीन चालले. दोन चार बोटं सरकायचा आणि थांबायचा. पुन्हा सरकायचा, पुन्हा थांबायचा. मी जाऊन बघितलं. हाराची फुलं पट्टीत दाबली जात होती, आणि पट्टीला वाटत होतं आपण कशाला तरी टेकलो. पट्टी तिचं काम चोख करत होती.

हार काढायचा, दुसरा उपायच नव्हता. पण पूजेचा हार त्याच दिवशी उतरवायचा? दसऱ्याला, मशीनवरून, मालकाच्या हातचा? वडिलांच्या कारखान्यात खंडेनवमीला मागांना हार चढले की ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणी काढत नसे. पण तिथे तोवर माग बंदही असत, ही दुसरी अर्धी गोष्ट मला तेव्हा आठवली नाही. शेठ पेढ्यांचं ताट घेऊन शेजारी उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता. मी पर्स उघडली. पट्टी तात्पुरती बंद ठेवण्याची एक किल्ली असते, दुरुस्तीच्या वेळी लागते म्हणून. ती फक्त माझ्याकडे होती. ज्याला त्याला सांगत आले होते की ही किल्ली स्टुडिओ रिकामा असल्याशिवाय फिरवायची नाही. मी ती फिरवली. म्हटलं, एका बातमीपत्राचा तर प्रश्न आहे, आणि मी इथेच आहे.

मी इथेच म्हणजे काचेपलीकडे, शेठच्या शेजारच्या खुर्चीत, हातात पेढा घेऊन.

बातमीपत्र सुरू झालं. कॅमेरे लोण्यातून सरकावेत तसे सरकत होते. शेठ मला दर मिनिटाला पेढा घ्या म्हणत होते. शेवटाकडे रेश्माने विचारलं, "दोन मागे?" दौलतरावांचं उत्तर आलं, "मोकळं." आणि त्या क्षणी मोकळंच होतं. दोन मागे निघाला. पडद्यावर निवेदिका हळूहळू लहान होत गेली, मागची सजावट दिसू लागली. आणि कॅमेऱ्याची मान तोरणांकडे वळत असतानाच एकदम चित्र थांबलं. तिचा अर्धा चेहरा, बाजूला नुसती तोरणं. रेश्मा बटणं दाबत राहिली, तिन्ही कॅमेरे मेल्यासारखे उभे, एक आणि तीनची तोंडं भलतीकडे. बिचारी निवेदिका त्या वाकड्या चौकटीत पुढच्या बातम्या वाचत राहिली. तिला माझा आजही नमस्कार आहे.

मी पळत आत गेले. दोन नंबरच्या मागे हिराबाई उकिडव्या बसलेल्या, आमच्याकडे पाठ, हातात फडकं. त्यांना मागच्या बाजूला एक ओला डाग राहिलेला दिसला होता, आणि एक थेंब राहता कामा नये असं मी सांगितलं होतं, म्हणून त्या बाजूच्या दारातून आवाज न करता पुन्हा आल्या होत्या. स्टँडचं बूड त्यांच्या कमरेपासून वीतभर अंतरावर थांबलं होतं. त्यांच्या पुढ्यात दिव्यांचा लोखंडी खांब होता. मधल्या जागेत हिराबाई. त्यांना काही कळलंच नव्हतं. मला बघून हळू आवाजात म्हणाल्या, "झालंच बघा ताई, एवढंच राहिलं हाय."

दौलतरावांचा हात लाल बटणावरच होता. तळवा कुंकवाने माखलेला. मला तो हात बघून आधी भलतंच वाटलं.

बातमीपत्र संपल्यावर शेठ आत आले, रागाने लाल. दसऱ्याच्या दिवशी अख्ख्या जिल्ह्याने वाकडं चित्र पाहिलं होतं. कोणी दाबलं, म्हणून विचारलं. दौलतरावांनी माखलेला तळवा वर केला. हिराबाई रडायला लागल्या, कारण त्यांना वाटलं चूक त्यांची. आता बोलायची पाळी माझी होती, आणि खरं सांगायचं तर मी घुटमळले. पट्टीने दगा दिला असं मी म्हटलं असतं तर शेठनी दौलतरावांना तिथल्या तिथे ठेवून घेतलं असतं. खरं सांगितलं तर शेठ म्हणणार, मग किल्ली फिरवू नका, झालं, माणूस कशाला हवा. म्हणजे माझ्या खरं बोलण्याने दौलतरावांचं काम जाणार होतं. पण पट्टीने दगा दिला नव्हता. मी दिला होता.

मी सगळ्यांसमोर सांगितलं की किल्ली मी फिरवली.

शेठ अगदी तेच म्हणाले. "मग मशीननी काय चूक शे?"

म्हटलं, मशीनची चूक नाही, माझी आहे. आणि म्हणूनच माणूस हवा. "शेठ, सगळं माहीत असून मी किल्ली फिरवली. का, तर तुमचा हार काढायचं धाडस झालं नाही. उद्या ही किल्ली तुमच्याकडे असेल. तुम्हाला तर काहीच माहीत नाही."

असं मालकाशी कोणी बोलत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर अजून ती वीतभर जागा होती. ताबा देण्याचा कागद मी तिथेच पुढे ओढला. त्यात सुरक्षेची साधनं लिहायची जागा असते. थांबवायची बटणं लिहिली, पट्टी लिहिली, आणि तिसऱ्या ओळीत दौलतरावांचं पूर्ण नाव लिहिलं. खाली सही केली.

शेठनी कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "हाऊ माणूस मशीनना भाग शे का?"

"हो. काढला तर माझी सही निघते."

शेठ चालत दोन नंबरच्या कॅमेऱ्यापाशी गेले, खाली बसले आणि स्वतः मारलेली गाठ सोडायला लागले. नखांनी सुटेना, तेव्हा मी कात्री दिली. हार हातात घेऊन उठले आणि रेश्माला म्हणाले, कागदाची एक प्रत माझ्या टेबलावर ठेव. दौलतराव दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर आले. आजही येतात.

ही माझ्या कामातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट आहे, जरी तिच्यात सगळ्यात मोठी चूक माझीच आहे. लिहायला घेतली तेव्हा दौलतरावांना विचारायला गेले, तुमचं नाव घालू का म्हणून. स्टुडिओच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. ते मग कपाकडे बघत म्हणाले, घाला, पण मग पूर्ण लिहा. म्हटलं, पूर्ण म्हणजे?

"हिराबाई दिसल्या तेव्हा माझ्या मनात काय आलं माहितीये ताई? लागू दे. जरा लागू दे, मशीन परत जाईल."

मी मग विचारलं, असं मनात आलं, तर बटण कसं दाबलंत?

म्हणाले, "हात आधीच दाबून मोकळा झाला होता. मन मागून आलं."

त्यानंतर कितीतरी दिवस मी लिहायला बसलेच नाही. बावीस वर्षांत मनाआधी चालायला शिकलेला त्यांचा हात मी कागदाच्या तिसऱ्या ओळीत, न कळताच, सुरक्षेचं साधन म्हणून लिहून गेले होते. शेवटी मजकूर पुरा करून त्यांना वाचून दाखवला आणि म्हटलं, मनात आलेलं ते वाक्य गाळून टाकते, लोक भलता अर्थ लावतील. त्यांनी नको म्हटलं. हिराबाईंना ते त्यांनी केव्हाच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्या रोज दौलतरावांसाठीही डबा घेऊन येतात.